धार दोनदा तपासावी लागते

चाकूला धार आहे की नाही, हे पाहायच्या रीती घरोघरी वेगळ्या. आमच्या जामला विळा पाजवून झाला की पातं अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवतात. रुतून थांबलं तर धार लागली, घसरलं तर पुन्हा दगडावर. कुणी हवेत धरलेला कागद कापून बघतं, कुणी टोमॅटोची साल. एक रीत उजेडाची आहे. पात्याची कड दिव्यासमोर धरायची. बोथट जागी बारीक रेघ चमकते, कारण तिथे उजेड परतवण्याइतकी जाडी असते. धारदार कडेला तेवढी जाडीच नसते.

या सगळ्या चाचण्या एकच गोष्ट सांगतात : धार आत्ता आहे. ती किती दिवस टिकेल, हे नखाला कळत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. डेमोत चालणारा प्रोग्राम वेगळा आणि वर्षभर लोड झेलणारा वेगळा, हे तिथे रोज दिसतं. धारेच्या बाबतीतला हाच फरक सव्वादोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये नोंदला गेला. निमित्त होतं आपल्याकडून गेलेल्या पोलादाचा एक छोटासा चाकू.

१७९४ साली मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना इथल्या पोलादाचे नमुने पाठवले. त्याचं नाव 'वूट्झ'. कन्नड-तेलुगूतल्या 'उक्कू'चं हे इंग्रजी कानांनी ऐकलेलं रूप, असं बहुतेक अभ्यासक मानतात. हे पोलाद दगड आणि लोखंडसुद्धा कापतं, पण मंद लालीपेक्षा जास्त तापवलेलं त्याला सोसत नाही, असं स्कॉट यांनी कळवलं होतं. जॉर्ज पिअरसन यांनी त्या नमुन्यांवर प्रयोग करून १७९५ साली सोसायटीपुढे निबंध मांडला.

त्यातलाच एक प्रयोग जेम्स स्टोडार्ट या कारागिरानं केला. तो शस्त्रक्रियेची हत्यारं आणि चाकू-वस्तरे बनवायचा. बँक्स यांच्या सांगण्यावरून त्यानं वूट्झचा तुकडा फक्त अंधारातच दिसेल इतक्या मंद लालीवर ठोकून त्याचा पेनचाकू केला.

पेनचाकू म्हणजे नावाप्रमाणेच पेन कापायचा चाकू. तिकडे पिसाची लेखणी होती, आपल्याकडे बोरू. बोरूचं टोक झिजलं की पुन्हा तासायचं, म्हणून लिहिणाऱ्याजवळ कलमतराश लागायचाच. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद बोरूनं लिहिलेले आहेत. त्या प्रत्येक रेघेमागे कुठल्या तरी चाकूची धार आहे. टोक फाटलं तर अक्षर फाटणार. धारेची याहून कडक चाचणी कोणती?

स्टोडार्टच्या चाकूचा निकाल नीट वाचण्यासारखा आहे. धार उत्तम पोलादी चाकूइतकीच बारीक निघाली आणि तितकंच छान कापू लागली. 'इतकीच', जास्त नाही. ती जास्त टिकेल, हे मात्र त्याचं मत होतं. पहिली गोष्ट चाचणी, दुसरी अंदाज. अंदाज तपासायला वेळ लागतो आणि स्टोडार्टनं तो दिला. आपण वर्षानुवर्षं तुलना करून पाहिली आणि युरोपातल्या उत्तम पोलादापेक्षा हे हिंदुस्थानी पोलाद पसंत केलं, असं त्यानं पुढे आपल्या दुकानाच्या कार्डावर छापलं. १८२० आणि १८२२ साली त्यानं मायकेल फॅरडेबरोबर पोलादाच्या मिश्रधातूंवर निबंध लिहिले. फॅरडे लोहाराचाच मुलगा. वूट्झचं बळ अ‍ॅल्युमिनात असावं, असं त्याला वाटलं. खरी किल्ली कार्बन होती, साधारण दीड टक्का.

आज या दोन चाचण्या यंत्र करतं. आयएसओ ८४४२-५ या मानकानुसार वाळूचे कण मिसळलेल्या पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यावर चाकू ५० न्यूटन दाबानं मागे-पुढे फिरवतात. पहिल्या ३ फेऱ्यांत किती कापलं ती सुरुवातीची धार. ६० फेऱ्यांत एकूण किती कापलं त्यावरून टिकाऊपणा. नखावरची चाचणी पहिल्या ३ फेऱ्यांतच संपते.

आता जामला परत येऊ. जामच्या चौकातून एक रस्ता चंद्रपूरकडे फुटतो आणि दुसरा, नॅशनल हायवे ४४, हिंगणघाटवरून हैदराबादकडे जातो. भारताच्या महासर्वेक्षणाची सुरुवात करणारे विल्यम लॅम्ब्टन हैदराबादहून नागपूरकडे येताना १८२३च्या जानेवारीत हिंगणघाटला वारले. त्यांच्या सर्वेक्षणातले डॉक्टर आणि भूशास्त्रज्ञ हेन्री व्हॉयसी यांनी याच वाटेवर बरंच दक्षिणेला, आजच्या निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रममध्ये, वूट्झच्या भट्ट्या पाहिल्या. मातीच्या मुशीत लोखंड भरायचं, तासन्‌तास आच द्यायची, मग सावकाश निवू द्यायचं. तो माल घ्यायला इराणचे व्यापारी तिथे येऊन राहत. व्हॉयसी १८२४ साली वारले. त्यांचं टिपण १८३२ साली कलकत्त्यात छापलं गेलं.

म्हणजे टिकण्याची चाचणी लंडनच्या आधी झालेली होती. व्यापारी एकदा फसतो, पिढ्यानपिढ्या इतक्या लांबून येत नाही.

पिअरसनच्या निबंधाचं शीर्षक सांगतं की हे पोलाद मुंबईत बनतं. मुंबई फक्त पाठवणारं बंदर होती. वूट्झ दक्षिणेतल्या खेड्यापाड्यांत बनायचं आणि कोनासमुद्रम त्यातलं एक. एका बॉक्सवरचं पाठवणाऱ्याचं नाव बनवणाऱ्याच्या रकान्यात गेलं. पाठवणारा, तपासणारा, चाकू घडवणारा, सगळ्यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत. मुशीपाशी बसून आच ओळखणाऱ्या माणसाचं नाव त्या साखळीत कुठेच नाही.

१८५६ साली बेसेमरची पद्धत आली, पोलाद स्वस्त झालं आणि मुशीचं पोलाद मागे पडत गेलं. धारेत ते हरलं नव्हतं, भावात हरलं.

म्हणून नवा चाकू घेतलात तर नखावर जरूर टेकवा, कागद कापून बघा. अंगठा मात्र धारेच्या लांबीनं कधी फिरवू नका. आणि त्या चाकूबद्दलचं मत महिनाभर भाजी चिरून झाल्यावर बनवा. जमल्यास पात्यावर शिक्का कुणाचा आहे, आणि ते ठोकलं कुणी, हेही विचारा.