पापाची कबुली आणि रोगाचें भय

हस्तमैथुनाविषयीं चारचौघांत बोलण्याची आपल्याकडे रीत नाहीं. परंतु ज्या गोष्टीचा उच्चार होत नाहीं तिलाही इतिहास असतो. आणि ख्रिस्ती जगांत तो पंधराशें वर्षांहून अधिक लांब आहे. हा इतिहास त्या कृतीचा कमी आणि अपराधी मनाचा अधिक आहे. अशा मनाला क्षमा कोणीं द्यावयाची, आणि ती देणारा कोणी उरलाच नाहीं तर काय होतें, एवढाच प्रश्न आज श्रोत्यांपुढें ठेवावयाचा आहे.

प्रथम मूळ ग्रंथाकडे वळूं. बायबलांत या कृतीचा नांव घेऊन केलेला निषेध कोठेंच आढळत नाहीं. ज्याच्या नांवावरून युरोपीय भाषांत तिला शब्द मिळाला, तो ओनान 'उत्पत्ति' या पुस्तकाच्या अडतिसाव्या अध्यायांत येतो. त्याचा थोरला भाऊ एर निपुत्रिक वारला. अशा वेळीं धाकट्यानें विधवा भावजयीच्या, म्हणजे तामारेच्या, पोटीं भावाचा वंश चालवावा असा दंडक होता. होणारें मूल आपलें ठरणार नाहीं हें जाणून ओनानानें वीर्य जमिनीवर सांडलें, आणि देवाचा कोप होऊन तो मरण पावला. आपल्याकडील नियोगाची चाल ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्या लगेच ध्यानांत येईल कीं, येथील अपराध एकांतांतला नसून मृत भावाला फसविण्याचा आहे. आजचे बहुतेक बायबलपंडितही असाच अर्थ लावतात.

मग पापाची कल्पना आली कोठून? वासनेनें पाहणें हाच मनांतील व्यभिचार होय, असें येशूनें शिकविलें, आणि पापाचें ठाणें देहांतून अंतःकरणांत गेलें. पुढें मठवासी संन्याशांनीं त्या अंतःकरणाची कसून झडती आरंभिली. पांचव्या शतकाच्या पूर्वार्धांत मार्सेय येथील जॉन कॅशियन यानें इजिप्तमधील साधूंचे संवाद लिहून ठेवले. त्यांत एका साधूची हकीकत आहे. प्रभुभोजनाला बसावयाचें असलें कीं नेमका त्याला स्वप्नदोष होई, आणि भयानें तो त्या विधीपासून दूर राही. वडील साधूंनीं चौकशी केली. आहार मिताहार होता, मनही सावध होतें. तेव्हां हें केवळ सैतानाचें कपट आहे असा निर्णय देऊन त्यांनीं त्याला निःशंकपणें प्रभुभोजन घ्यावयास लावलें, आणि त्याची पीडा संपली. कडक वैराग्याच्या त्या जगांतही, भयाला कोठें थांबवावें हें जाणणारीं माणसें होतीं.

सहाव्या शतकापासून आयर्लंडमधील मठांत प्रायश्चित्तांच्या पोथ्या रचल्या जाऊं लागल्या. आपल्या स्मृतिग्रंथांतील प्रायश्चित्तप्रकरणांची आठवण व्हावी अशाच त्या आहेत. मुलाला अमुक दिवस, प्रौढाला त्याहून अधिक, धर्मगुरूला सर्वांत अधिक. भाकरी आणि पाणी यांवर राहून दोष फेडावयाचा. हिशेब रुक्ष खरा; पण त्याला शेवट होता. मुदत भरली कीं माणूस मोकळा होई.

इ. स. १२१५ मध्यें रोम येथें लॅटरन राजवाड्यांत भरलेल्या चौथ्या धर्मपरिषदेनें, जाणत्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती स्त्रीपुरुषानें वर्षांतून एकदां तरी आपल्या धर्मगुरूपाशीं पापकबुली द्यावी, असा नियम केला. त्याच नियमांत धर्मगुरूला कुशल वैद्याची उपमा दिलेली आहे. त्यानें जखमेवर द्राक्षारस आणि तेल घालावें, आणि कळलेलें गुपित फोडूं नये. फोडणाऱ्यास पदावरून काढून आजन्म मठांत ठेवण्याची शिक्षा होती. पॅरिस विद्यापीठाचा कुलपति झां जेर्सों (१३६३–१४२९) यानें तर नेमक्या याच पापाच्या कबुलीवर एक निबंध लिहिला. पाप तो गंभीरच मानी. परंतु लाजेनें मुकीं झालेलीं मुलें बोलतीं व्हावीं म्हणून प्रश्न सलगीनें विचारावे, असें त्याचें सांगणें होतें.

या पद्धतीला काळी बाजूही होती. १५०५ मध्यें एर्फुर्टच्या मठांत शिरलेला मार्टिन लूथर आपल्या सर्व पापांची तासन् तास कबुली देई आणि तरी कांहीं राहून गेलें या शंकेनें पोळत राही. त्याचा वडीलधारी श्टाउपित्स त्याला पुनः पुन्हा ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहावयास सांगे. क्षमा मोजून मिळत नाहीं, ती श्रद्धेनें मिळते, हा लूथरचा सिद्धांत अशा छळांतून जन्मला.

खरी कलाटणी मिळाली ती अठराव्या शतकांत. त्याच्या दुसऱ्या दशकांत लंडनला 'ओनानिया' नांवाचें एक निनावी पुस्तक निघालें. बोली पापाची, पण भीति रोगाची. आणि त्या रोगावरील औषधेंही त्याच पुस्तकांतून विकलीं जात. १७६० मध्यें लोझानचा वैद्य तिसो यानें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. एक औंस वीर्य जाणें हें चाळीस औंस रक्त जाण्याहून वाईट, हें मत त्यानें लोकप्रिय केलें. आपण पापाविषयीं नव्हे, रोगाविषयीं लिहितों, असें तो बजावून सांगतो. येथेंच घात झाला. धर्मगुरु निदान क्षमा करी. या नव्या शास्त्रापाशीं क्षमाच नव्हती. पश्चात्ताप करणाऱ्या तरुणाला तें सांगे कीं, तुझी स्मृति, दृष्टि आणि मज्जा कदाचित् परत येणार नाहीं. हें भय आपल्याकडेही आलें, येथील वीर्यरक्षणाच्या जुन्या कल्पनांशीं एकजीव झालें, आणि धातुपुष्टीच्या जाहिरातींवर पोसलें. र. धों. कर्वे यांनीं 'समाजस्वास्थ्य' मासिकांतून (१९२७–१९५३) त्याच्याशीं उघड झुंज दिली. विसाव्या शतकांत वैद्यकानें तो सिद्धांत सोडला; घाबरवून सोडलेल्या पिढ्यांची क्षमा मात्र कोणीं मागितली नाहीं.

धर्माचें मत अजून एक नाहीं. रोमन कॅथलिक पंथ ही कृति गंभीर दोषच मानतो. १९७५ च्या डिसेंबरांत व्हॅटिकननें तसें पुन्हा जाहीर केलें. परंतु भावनिक अपक्वपणा, जडलेली संवय, चिंता यांनीं व्यक्तीची जबाबदारी कमी होऊं शकते, हेंही १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथांत नमूद आहे. प्रॉटेस्टंट पंथांत कोणी निषेध करतो, कोणी ती गोष्ट ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपवितो. यांतील कोणतें मत ग्राह्य, हें ज्यानें त्यानें ठरवावें. इतिहास मात्र एवढें दाखवितो कीं, अपराधी मनाला शिक्षेपेक्षां अधिक जाचते ती शिक्षेची अनिश्चितता. म्हणून घरांतील मुलाला आपण कोणतेंही मत द्या. पण मत देणारा माणूस त्याच्यापुढें असूं द्या, आणि त्याच्याशीं बोलून झाल्यावर मुलाला शांत झोंप येईल असें करा.