इंग्रजीतील अप्रत्यक्ष कथन व कालबदल
एकाचे बोलणे दुसऱ्याने आपल्या वाक्यात सांगताना इंग्रजीत क्रियापदाच्या काळात होणारा बदल व त्याच्या अध्यापनाची परंपरा. निवेदक क्रियापद भूतकाळी असल्यास मूळ वर्तमानकाळाचा सामान्यतः भूतकाळ होतो. उदा., ‘आय अ‍ॅम इल’ हे उद्‌गार ‘ही सेड दॅट ही वॉज इल’ असे सांगितले जातात.

इंग्रजी व्याकरणाची आरंभीची मांडणी लॅटिन व्याकरणाच्या धर्तीवर झाली. गौण वाक्यातील काळ मुख्य क्रियापदाला अनुसरतो, हे लॅटिनमधील कालानुक्रमाचे तत्त्वही तिच्यात आले. भारतातील इंग्रजी शिक्षणात नेसफील्डच्या व्याकरणमालेने व १९३० च्या दशकात रेन आणि मार्टिन यांच्या शालेय व्याकरणाने या विषयाला ठरीव रूप दिले. पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन (१८७५–१९४१) याने मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात काम केले होते. नियम, अपवाद व वाक्यरूपांतराचे स्वाध्याय हा क्रम परीक्षेस सोयीचा असल्याने दृढ झाला.

डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन (१८६०–१९४३) याने १९२४ मध्ये या प्रक्रियेस काळाचे ‘मागे सरणे’ असे नाव दिले व हा बदल पुष्कळदा केवळ सवयीने होतो, असे दाखविले. बर्नार्ड कॉमरी याच्या १९८५ मधील काळविषयक ग्रंथातही या प्रश्नाची चर्चा आहे. सांगितलेली गोष्ट अद्याप लागू असल्यास इंग्रजीत मूळ काळ कायम ठेवता येतो. त्यामुळे शाश्वत सत्याचा शालेय अपवाद हा एका व्यापक प्रवृत्तीचाच भाग ठरतो.

मराठी विद्यार्थ्याची अडचण निराळी आहे. मराठीत ‘तो म्हणाला, की मी आजारी आहे’ असे मूळ वक्त्याचा काळ व बहुधा पुरुषही राखून सांगतात. ‘तो म्हणाला, की तो आजारी होता’ या वाक्यातून आजार बोलण्यापूर्वीचा होता, असा अर्थ निघतो. म्हणून इंग्रजीतील ‘वॉज’ त्याला पूर्वीच्या आजाराचा वाचक वाटतो. वस्तुतः तो अर्थ स्पष्ट करावयाचा झाल्यास इंग्रजीत ‘हॅड बीन’ योजतात. केवळ रूपांतराच्या स्वाध्यायांतून हा भेद उमगत नाही. विद्यार्थी कोष्टक पाठ करून गुण मिळवितो, परंतु संभाषणात चुकतो. कोण, केव्हा बोलला व सांगितलेली गोष्ट अद्याप लागू आहे काय, हे आधी ठरवून मग काळ निवडण्यास शिकविल्यास नियमामागील कारण स्पष्ट होते.