हललेला फोटो

माझ्या माहेरी आईच्या शालूच्या घडीत एक फोटो असायचा. माझ्या धाकट्या भावाचा, 1962 साली बेळगावातल्या एका स्टुडिओत काढलेला. भाऊ दीड वर्षाचा, अंगात विणलेला स्वेटर, पायात बूट. सगळं कसं लख्ख आलंय. फक्त चेहरा नाही. ऐन वेळी त्याने मान वळवली आणि चेहऱ्याच्या जागी पांढरट फराटा उमटला. पुढच्या पावसाळ्यात तो तापाने गेला. दुसरा फोटो काढलेलाच नव्हता. फोटोच्या कडेला त्याच्या कमरेला धरलेला आईचा हात दिसतो, पाटल्या-बांगड्यांसकट. आई म्हणायची, "हात तेवढा माझा बरोबर आलाय बघ."

परवा सून म्हणाली, "आई, बाळाचे फोटो काढायला डिजिटल कॅमेरा घेऊया. पाच-सहा हजारांपर्यंत. दुकानदार बारा मेगापिक्सेलचाच घ्या म्हणतोय." बी.ए.ला माझा इतिहास होता. विकत घ्यायच्या वस्तूचं मूळ कूळ बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही, घरचे हसतात तरी. बघायला बसले आणि पहिल्यांदा भेटला तो आईचाच हात.

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत फोटो काढायचा म्हणजे कित्येक सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ, पुतळ्यासारखं बसावं लागायचं. तान्हं मूल कसं बसणार? मग आईच्या अंगावर कापड घालायचे, ती खुर्चीसारखी मागे बसायची आणि मांडीवर मूल घट्ट धरायची. असे कितीतरी फोटो आज संग्रहांत आहेत. मूल दिसतं, आणि मागे पडद्याआड माणसाच्या आकाराचा उंचवटा. ते बघताना माझ्या पोटात कालवलं.

त्याच काळात ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन नावाची बाई होऊन गेली. जन्म कलकत्त्याचा, 1815 चा. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी लेक-जावयाने तिला कॅमेरा भेट दिला, आणि 1864 च्या जानेवारीत तिने ॲनी नावाच्या एका लहान मुलीचा फोटो काढला. तोच तिने आपला पहिला यशस्वी फोटो मानला. तिचे फोटो जरा पुसट असतात म्हणून त्या वेळचे जाणकार नावं ठेवत. बायांनो, पन्नाशीच्या उंबरठ्यावर नवं यंत्र हातात घेणारी होती, एवढं ध्यानात ठेवा.

पण कॅमेरा सामान्य घरात आला तो किमतीमुळे. जॉर्ज ईस्टमनचा 1888 चा कोडॅक 25 डॉलरचा होता, म्हणजे श्रीमंतांचाच. 1900 साली त्याच कंपनीने ब्राउनी काढला, किंमत 1 डॉलर. पुठ्ठ्याची पेटीच ती. मुलांनीच वापरावा म्हणून जाहिराती केल्या, नावही पामर कॉक्सच्या चित्रांतल्या खोडकर बुटक्यांवरून ठेवलं. पहिल्याच वर्षी लाखावर खपला. अडचण एकच, ऊन पाहिजे. मुलाला अंगणात आणून उभं करा, नाहीतर घरातला फोटो विसरा.

आपल्याकडचा ब्राउनी म्हणजे आगफा क्लिक थ्री. तो बडोद्यात बनायचा. एका रोलात बारा चौकोनी फोटो, ऊन किंवा ढग एवढंच निवडायचं. माझ्या मुलाचं बालपण त्यातच आहे. बारा फोटोंत वर्ष काढायचं, त्यामुळे पहिलं पाऊल, पहिली दाढ हे कशातच नाही. आहेत ते सगळे वाढदिवस!

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. रोलच्या फितीवर चांदीचे क्षार धरून ठेवायला जिलेटिनचा थर असतो, आणि जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं-कातडी उकळून काढलेला पदार्थ. 1871 मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने ही युक्ती सुचवली. त्यामुळेच पुढे फोटो क्षणात निघू लागला, हेही खरं. कंदमुळं न खाणारं, रात्री चूल न पेटवणारं आमचं घर. दशलक्षण पर्वातले फोटोसुद्धा त्याच रोलवर निघाले. कळलं तेव्हा दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. डिजिटलमध्ये फिल्मच नाही, हे एक समाधान. छापून घेताना मात्र कागदाची चौकशी करावी, फोटोच्या नेहमीच्या कागदावरही तोच थर असतो.

आणि डिजिटलची सुरुवात कुणापासून व्हावी? 1957 साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी संगणकात पहिलं छायाचित्र उतरवलं, ते त्यांच्या तीन महिन्यांच्या मुलाचं. 176 ठिपके आडवे, 176 उभे, बस्स. पुढे 1975 मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, साडेतीन किलोहून जड. चित्र क्षणात पकडलं, पण कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागले. प्रयोगशाळेतल्या एका तरुणीचा फोटो काढला तर केस दिसले, चेहरा ओळखेना. तिथे मी वाचायची थांबले.

दुकानात गेल्यावर मी मेगापिक्सेल विचारलंच नाही. पोस्टकार्डाएवढा फोटो छापायला पाच-सहा पुरे होतात. सुनेला म्हटलं, "मी हात हलवते, तू बटण दाब." बारावाल्यात माझा हात निघून गेल्यावर फोटो निघाला, आला तो नुसता काउंटर. स्वस्त कॅमेऱ्यांना आधी नेम धरायला वेळ लागतो, तेवढ्यात मूल पळालेलं असतं. दुकानदार वैतागला, "काय बघालाय वो काकू?" दुसऱ्या, आठवाल्यात हात सापडला. बटण अर्धं दाबून ठेवायचं आणि वेळ आली की पूर्ण, म्हणजे आणखी चपळ. मुलांसाठी वेगळी खूणही होती, ती लावली की शटर झटपट मिटतं. खोलीत उजेड कमी असेल तर खिडकीशी बसावं. साडेपाच हजारांत घेतला.

संध्याकाळी सून बाळाला मांडीवर घेऊन खिडकीत बसली. मी म्हटलं, बाजूला सरकू नकोस, तूही ये त्यात. मी दाबलं आणि पोराने नेमकी मान वळवली. कान आला, गालाची कड आली आणि तिचा हसरा चेहरा आला सबंध.

"आई, हा पुसून टाकते, बाळाचं नाकसुद्धा दिसत नाही," ती म्हणाली.

मी कॅमेरा तिच्या हातात दिला नाही.