दोन कणग्यांचा हिशेब

मंडळी, बेरीज हा आपण शाळेत शिकलेला पहिला हिशेब. एका कणगीत दहा पायली जोंधळा आणि दुसरीत दहा पायली, म्हणजे घरात वीस पायली जोंधळा झाला. हे सांगायला पंतोजी लागत नाहीत. पण यंत्रांच्या जगात अशी एक कणगी आहे की तिच्यापुढे ही साधी बेरीज वर्षानुवर्षे फसत आली. ती का फसली, याची ही हकीकत. घरात किंवा शाळेत संगणक घेऊ पाहणाऱ्याने ती ऐकून ठेवलेली बरी.

संगणकावर खेळ चालतो तेव्हा पडद्यावरचे चित्र रंगविण्याचे काम ग्राफिक्स कार्ड नावाचा एक वेगळा भाग करतो. त्यावर एक चिप असते. ती चित्रकार समजा. चिपच्या शेजारी तिची स्वतःची स्मृती असते. ते चित्रकाराच्या हाताशी ठेवलेले पुस्तक समजा. भिंतीचा रंग, गवताचा पोत, माणसांचे चेहरे, सारे त्या पुस्तकात. ही स्मृती एमबी आणि जीबी या मापांनी मोजतात. सुमारे हजार एमबी म्हणजे एक जीबी.

आता वर्गातल्या दोन मुलांना मिळून एकच मोठा नकाशा काढायला बसवा. एकाने पहिली, तिसरी, पाचवी ओळ रंगवायची. दुसऱ्याने दुसरी, चौथी, सहावी. काम लवकर उरकेल, हे खरे. पण सह्याद्री कुठे आणि गोदावरी कुठे, हे पाहायला दोघांनाही सबंध भूगोलाचे पुस्तक हवे. म्हणून प्रत्येकापुढे एकेक पुस्तक ठेवावे लागते. शंभर पानांची दोन पुस्तके आली, तरी भूगोल शंभर पानांचाच राहिला!

नेमकी हीच युक्ती १९९८ साली अमेरिकेतल्या थ्रीडीएफएक्स कंपनीने केली. तिच्या ‘वूडू-२’ या कार्डांची जोडी एका संगणकात बसवता येई, आणि दोन्ही कार्डे एकाआड एक ओळी रंगवीत. या पद्धतीला ‘एसएलआय’ म्हणत. एका कार्डावर १२ एमबी स्मृती असली, तर तीत ४ एमबी तयार होणाऱ्या चित्रासाठी आणि ८ एमबी रंगपोतांसाठी. ओळी वाटून घेतल्यामुळे चित्राची जागा खरोखरच दुप्पट झाली. ८०० गुणिले ६०० ठिपक्यांचे चित्र १०२४ गुणिले ७६८ पर्यंत गेले. पोतांचे पुस्तक मात्र दोन्हीकडे तेच. दुकानदाराच्या हिशेबाने २४ एमबी, कामाच्या हिशेबाने १६. म्हणजे बेरीज अर्धवट तरी जुळली होती.

पुढे थ्रीडीएफएक्स बुडाली, आणि तिचे तंत्रज्ञान एनव्हिडिया कंपनीने विकत घेतले. २००४ साली एनव्हिडियाने एसएलआय हीच अक्षरे नव्या अर्थाने बाजारात आणली. २००५ साली एटीआय कंपनीने ‘क्रॉसफायर’ आणले. आता बहुधा पद्धत अशी पडली, की एका कार्डाने एक सबंध चित्र काढायचे आणि दुसऱ्याने पुढचे. चित्रे भराभर निघू लागली. पण प्रत्येकाला सगळेच पुस्तक आणि सगळाच कागद लागू लागला. १९९८ साली जी अर्धी बेरीज साधली होती, तीही गेली. २०१२ सालच्या ‘जीटीएक्स ६९०’ या कार्डावर दोन चिपा होत्या आणि एकूण स्मृती ४ जीबी. पण एकेका चिपच्या वाट्याला २ जीबी, आणि खेळाच्या उपयोगाचीही २ जीबीच. चार ऐकून पैसे मोजणाऱ्याच्या पदरात दोनच पडले, हे पुष्कळांना घरी गेल्यावर कळले.

तुम्ही विचाराल, दोघांनी एकमेकांचे पुस्तक का वापरू नये? वापरता येते, पण मध्ये भिंत आहे. २०१८ साली एनव्हिडियाने ‘एनव्हीलिंक’ नावाची खिडकी खेळांच्या कार्डांना दिली. ‘आरटीएक्स २०८० टीआय’ या कार्डात तिच्यातून दोन्ही दिशा मिळून सेकंदाला १०० जीबी माहिती जाई. पण कार्डाची स्वतःची स्मृती सेकंदाला ६१६ जीबी पुरवी. हाताशी पुस्तक असताना शेजारच्या वर्गात पान मागायला कोण जाईल? आणि खेळात तर सेकंदाला साठ-साठ चित्रे काढायची असतात!

२०१५ साली ‘डायरेक्टएक्स १२’ आले, तेव्हा कोणत्या कार्डात काय ठेवायचे हे खेळ लिहिणाऱ्यालाच ठरवता येऊ लागले. स्मृती जोडण्याची वाट उघडली. पण हा खटाटोप खेळ रचणाऱ्याने करायचा, आणि जोडकार्डे बाळगणारी माणसे मूठभर. म्हणून त्या वाटेने फार थोडे गेले. शिवाय नवे खेळ मागच्या चित्राच्या आधाराने पुढचे चित्र काढू लागले, त्यामुळे एकाआड एक चित्र वाटून घेणेही अवघड झाले. २०२१ पासून एनव्हिडियाने एसएलआयसाठी नव्या खेळांची जुळवणी थांबवली, आणि २०२२ च्या ‘आरटीएक्स ४०९०’ कार्डावर ती खिडकीही ठेवली नाही.

मग बेरीज कधीच जुळत नाही का? जुळते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या गणितांत एका कार्डाकडे पहिली प्रकरणे आणि दुसऱ्याकडे पुढची, अशी वाटणी होते. प्रत्येकाचे पुस्तक निराळे, म्हणून तिथे दोन आणि दोन चार होतात.

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मुलांना बेरीज शिकवताना एवढे जरूर सांगा: दोन कणग्यांत निरनिराळा जोंधळा असेल तरच तो मिळवावा. एकच वही दोनदा उतरवली, तर ज्ञान दुप्पट होत नाही. आणि तुम्ही दुकानात गेलात, तर “एकूण किती?” एवढेच विचारून थांबू नका, “एकाच्या वाट्याला किती?” हेही विचारा. ज्याला उत्तर देता येईल, त्याच्याकडूनच माल घ्या.