दाबाचा इतिहास : दौंड ते रांजणगाव

दौंड आणि शिरूर या तालुक्यांची नावे निघाली, की आपणांस भीमा आणि घोड या नद्या, ऊस आणि बाजरी यांची आठवण होते. कोंडलेली हवा आणि दाबलेले तेल कोणास आठवत नाही. परंतु या भूमीवर जी धावती यंत्रे आली, ती थांबविण्याचे काम याच दोन नोकरांनी केले आहे. त्यांचा इतिहास म्हणजे मुख्यतः गळती आवरण्याचा इतिहास होय, असे आमचे म्हणणे आहे.

कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व दिशांस सारखा पसरतो, हे पास्कलने सतराव्या शतकात दाखविले. जोसेफ ब्रामाने त्या तत्त्वावर चालणाऱ्या हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले, ते १७९५ साली. पण दट्ट्याच्या कडेने पाणी निसटे. त्याच्या पदरच्या हेन्री मॉडस्ले या कारागिराने तेथे चामड्याची वाटी बसविली, असे सांगतात. दाब वाढेल तशी ती फुलून भिंतीस अधिकच घट्ट चिकटे. ज्याने सायकलीच्या पंपातील चामडी वायसर पाहिला आहे, त्यास ही युक्ती समजावून सांगावयास नको.

दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. मनमाडकडून येऊन पुण्यास जाणाऱ्या गाडीचे इंजिन दौंडास वर्षानुवर्षे एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकास लावावे लागे. मग ब्रेकच्या नळ्या जोडून तपासावयाच्या. ही काळजी कशासाठी? १२ जून १८८९ रोजी आयर्लंडातील आर्मा येथे चढावर एका गाडीचे मागले डबे सोडविले. नळी तुटताच त्यांचा ब्रेक निकामी झाला. डबे मागे घरंगळत जाऊन दुसऱ्या गाडीवर आदळले आणि ८० माणसे प्राणांस मुकली. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने उतारूंच्या गाड्यांस स्वयंचलित ब्रेक सक्तीचा केला. नळी फुटली, तर ब्रेक सुटू नये, लागावा, ही योजना वेस्टिंगहाउसने १८७२ सालीच केली होती.

आपल्याकडे प्रदीर्घ काळ निर्वात ब्रेक चालला. त्याचे बळ वातावरणाच्या दाबाएवढेच, म्हणजे चौरस सेंटिमीटरास फार तर एक किलो. एअर ब्रेकच्या नळीत तोच आकडा पाच असतो. दाब वाढला, तशी सांध्यांची परीक्षाही कठीण झाली.

शिरूर तालुक्यात रांजणगावास मोटारी तयार होऊ लागल्या. मोटारीचा ब्रेक तेलावर चालतो आणि तेल गळाले, तर तो लागत नाही. म्हणून तेलाचे मार्ग दोन ठेवतात. हायड्रॉलिक सिलिंडर आतून कोरल्यावर बारीक दगडांनी घासून गुळगुळीत करतात. कारखान्यात त्यास होनिंग म्हणतात. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड. येथे हिशेब त्याहून कितीतरी लहान मापांचा असतो. एखादा ओरखडा राहिला, तर रबरी सील झिजते आणि गळती सुरू होते.

ब्रामाच्या प्रेसला ज्या वाटीने तारले, तिची जागा आज या सीलने घेतली आहे. ते जपणारे हात आपल्याच गावांतील मुलांचे असतील, तर त्यांस यंत्र चालविण्याबरोबर माप धरावयासही शिकविले पाहिजे. कारण त्या ओरखड्याची किंमत कारखान्यात मोजावी लागत नाही; ती उतारावर, गाडीत बसलेल्या माणसास मोजावी लागते.