फुप्फुसरोपण, विषाणुसंसर्गोत्तर

विषाणुसंसर्ग शमल्यावरही ज्या रुग्णाच्या फुप्फुसांतील वायुकोश तंतुमय ऊतीने कठीण होऊन प्राणवायूचे वहन कायमचे खुंटते, त्याच्या छातीत मेंदुमृत दात्याची फुप्फुसे बसविण्याची शस्त्रक्रिया. जेम्स हार्डी यांनी १९६३ साली मिसिसिपीत केलेल्या पहिल्या मानवी रोपणानंतर रुग्ण अवघे १८ दिवस जगला. प्रतिकारशक्ती दडपणारे सायक्लोस्पोरीन हाती आल्यावर १९८३ मध्ये टोरांटोत जोएल कूपर यांना टिकाऊ यश लाभले. कोविड-१९ च्या साथीत, २०२० साली, चीन व शिकागोपाठोपाठ चेन्नईतही अशी रोपणे झाली. संसर्ग ओसरला आहे, इतर इंद्रिये शाबूत आहेत आणि कित्येक आठवडे वाट पाहूनही फुप्फुसे सावरत नाहीत, याची खातरजमा झाल्याविना हा मार्ग पत्करीत नाहीत. तोवर एक्मो यंत्र रक्ताला शरीराबाहेर प्राणवायू पुरविते.

भारतात अवयवदान १९९४ च्या कायद्याने नियमबद्ध असून मराठवाड्यातील, अर्थात बीड जिल्ह्यातीलही, वाटप छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय समन्वय केंद्राकडे आहे. याच जिल्ह्यातील अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय श्वसनरुग्णांचा मोठा आधार होय. परंतु काढलेले फुप्फुस सामान्यतः सहा ते आठ तासांतच बसवावे लागत असल्याने प्रतीक्षायादीतील रुग्णाला दूरच्या महानगरात बिऱ्हाड करणे प्राप्त होते. त्यानंतरची औषधे व रक्ततपासणी आजन्म चुकत नाहीत, आणि दरसाल दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या फडांवर जाणाऱ्या या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबांना, शस्त्रक्रियेच्या खर्चाहूनही, हे अखंड पथ्य अधिक दुष्कर आहे.