ड्रोनशर्यत, अकोले परिसरातील

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात रतनगड, हरिश्चंद्रगड आणि हद्दीवरचे कळसूबाई शिखर (१,६४६ मी.) आहेत. चष्म्यात ड्रोनच्या कॅमेऱ्याचे दृश्य पाहत तो पळवणाऱ्यांना हा मुलूख खुणावतो. पण हे गड अभयारण्यात येतात. तिथे वनविभागाच्या परवानगीविना ड्रोन उडवू नये. कड्याच्या कपारीतल्या घरट्यांसाठी हे बंधन रास्तच आहे.

ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’, त्यापुढे २ किलोपर्यंतचा ‘मायक्रो’. शर्यतीचा पाच इंची पात्यांचा ड्रोन बहुधा मायक्रोत मोडतो. त्याला नोंदणी क्रमांक लागतो. हौशी उड्डाणाला वैमानिक-प्रमाणपत्र लागत नाही. पूर्वपरवानगी न लागणाऱ्या ‘हिरव्या’ क्षेत्रात उंचीची मर्यादा ४०० फुटांची. कड्याबाहेर झेपावलेला ड्रोन मात्र क्षणात दरीच्या तळापासून त्याहून कितीतरी उंच असतो.

चष्मा चढवला की आजूबाजूचे काहीच दिसत नाही, म्हणून उघड्या डोळ्यांनी ड्रोनवर नजर ठेवणारा जोडीदार शेजारी हवाच. ड्रोन खडकाआड जाताच चित्र फाटते, मग ताबाही सुटतो. आपटून फुगलेली लिथियम बॅटरी वाळल्या गवतात पेट घेऊ शकते. त्यापेक्षा अभयारण्याबाहेरचे, कापणी झालेले भातखाचर मालकाला विचारून वापरावे.